शिबिरासाठी खुलं ॲम्फीथिएटर: खोदकामाआधी काय ठरवायचं आणि बांधकाम कोणत्या क्रमाने करायचं

शिबिराच्या जागेवर बांधलेली बरीचशी ॲम्फीथिएटर फोटोत छान दिसतात आणि वापरताना त्रास देतात. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून पुढच्यांची डोकीच दिसतात, मंचावरचं बोलणं मागे पोचत नाही, पहिल्या मोठ्या पावसात मंचासमोर तळं साचतं आणि शेकोटी पेटली की एक बाजू डोळे चोळत उठून जाते. हे सगळे दोष बांधकामाच्या आधीच ठरून गेलेले असतात. कागदावर अर्धवर्तुळ काढायचं, मंच बांधायचा, मग उरलेल्या जागेत बसायच्या पायऱ्या बसवायच्या आणि शेवटी पाण्याचं बघायचं, हा क्रमच उलटा आहे. आधी पाणी आणि प्रेक्षक यांचा विचार व्हायला हवा. मंच अगदी शेवटी.

हे मार्गदर्शन छप्पर नसलेल्या, साधारण १०० ते ३०० जणांच्या जागेसाठी आहे. यापेक्षा मोठं काम असेल, किंवा माती अडवणारी कुठलीही भिंत एक मीटरपेक्षा उंच होणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: तिथे नेमकं काय होणार, ते लिहून काढा

सकाळची प्रार्थना, सूचना, गाणी, मुलांची नाटुकली, रात्रीची शेकोटी, आकाशदर्शन अशी यादी करा. प्रत्येकासमोर वेळ, माणसांची संख्या आणि वयोगट लिहा. या यादीतून तीन निर्णय घ्यायचे आहेत.

पहिला, क्षमता. ती रोजच्या गर्दीवर ठरवा, समारोपाच्या एका दिवसावर नाही. तीनशेंच्या जागेत ऐंशी मुलं विखरून बसली की मंचावरच्या मुलांचाही उत्साह ओसरतो. समारोपाला जास्तीची माणसं येणार असतील तर शेवटच्या ओळीमागे सपाट हिरवळ ठेवा. तिथे सतरंजीवर बसता येतं.

दुसरा, शेकोटी मुख्य की मंच मुख्य. शेकोटीभोवती माणसं गोल करून बसतात, मंचासमोर पंख्यासारखी. दोन्ही एकाच आकारात बसवायला गेलं की शेकोटी मंचाच्या ऐन समोर येते आणि नाटक धुरातून बघावं लागतं. रोज शेकोटीच होणार असेल तर सरळ गोल बैठक बांधा आणि मंचाचा नाद सोडा. खाली मी मंच मुख्य धरला आहे.

तिसरा, बैठकीची उंची. मोठ्यांसाठी ४० ते ४५ सेंमी, लहान मुलांसाठी ३० ते ३५ सेंमी. मिश्र वयोगट असेल तर पुढच्या दोन ओळी बुटक्या ठेवा. लहान मुलं तशीही पुढेच बसतात.

## टप्पा २: जागा निवडताना

ज्या जागेला निसर्गतःच उतार आहे, ती घ्या. तीन मीटर चाललं की एक मीटर चढ, म्हणजे १:३, हा उतार जवळपास आदर्श. १:६ पर्यंत थोड्या भरावात निभावतं. १:२ पेक्षा तीव्र असेल तर भिंतींचा खर्च आणि पडण्याचा धोका दोन्ही वाढतात.

मग त्या जागेवर जाऊन बसा. एकदा भर दुपारी, एकदा सूर्यास्ताच्या आधी, एकदा रात्री आणि एकदा मोठा पाऊस चालू असताना. या चारही वेळा टाळू नका.

ऐकणं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने घटते. ध्वनिक्षेपकाशिवाय बोलणं १५ ते २० मीटरच्या आत असेल तरच निवांत ऐकू येतं, तेही आसपास शांतता असेल तर. रस्ता, जनरेटर, पाण्याचा पंप, स्वयंपाकघर हे सगळं मोजा. खळाळता ओढा दिवसा रम्य वाटतो आणि संध्याकाळी प्रत्येक वाक्य गिळतो.

ऊन. उत्तर गोलार्धात प्रेक्षकांची तोंडं उत्तरेकडे किंवा किंचित ईशान्येकडे असावीत. मावळतीचं ऊन मग प्रेक्षकांच्या डोळ्यांत जात नाही आणि कलाकारांच्या बाजूने येतं. प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसले तर संध्याकाळचा कार्यक्रम संपलाच म्हणून समजा. निव्वळ पूर्वेकडे बसवले तर तोच त्रास मंचावरच्यांना होतो.

वारा. उतारावर दिवसा वारा चढणीकडे वाहतो आणि अंधार पडल्यावर थंड हवा खाली उतरते. प्रेक्षक चढावर आणि मंच पायथ्याशी असेल तर शांत रात्री धूर प्रेक्षकांपासून दूर जातो. पण सूर्यास्ताच्या सुमारास वाऱ्याची ही पाळी बदलते आणि शेकोटी बहुधा तेव्हाच पेटवली जाते. म्हणून त्या वेळी प्रत्यक्ष ओला पाला जाळून धूर कुठे जातो ते पाहा. एका संध्याकाळवर विसंबू नका.

झाडं. सावलीसाठी झाडं हवीतच, पण वाळक्या फांद्यांखाली बैठक नको. फांद्यांचा घेर जिथवर जातो निदान तिथवर तरी मुळं असतात असं धरून त्या भागात खणू नका आणि मातीही टाकू नका. मुळांवर वीतभर भराव टाकला तरी त्यांची हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळायला लागतं, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

> तपासा: पावसात उभे असताना पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे तुम्हाला बोटाने दाखवता येतंय का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: मोजमाप

अंदाजाने उतार सांगू नका. डोळ्याला उतार नेहमी जास्त वाटतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी, मोजपट्टी आणि दोन माणसं एवढ्यावर काम होतं. मंचाची जागा जिथे वाटते तिथे खुंटी ठोका आणि तिच्यापासून वर सरळ रेषेत दर मीटरला उंची नोंदवा. मग डावीकडे आणि उजवीकडे तिरप्या रेषांत तेच करा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मापं चुकतात, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का बघा.

तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या. खाली पक्का खडक लागला तर पूर्ण आराखडाच वर उचलावा लागेल. पाणी लागलं तर जागा बदला. काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी माती असेल तर पाया आणि निचरा यांचा खर्च वाढेल हे आताच धरून चाला.

## टप्पा ४: ओळी, दृष्टी आणि वाटा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतराला आपण 'फट' म्हणू. १२ सेंमी फट उत्तम, ९ चांगली, ६ ही किमान. ६ च्या खाली गेलं की डोकी आड येतात. ती अशी काढायची:

फट = [पुढच्याचं अंतर × (पुढच्याची उंची + ओळीचा चढ)] ÷ (पुढच्याचं अंतर + ओळीची खोली) − पुढच्याची उंची

इथे 'अंतर' म्हणजे मंचाच्या पुढच्या कडेपासूनचं आडवं अंतर. 'उंची' म्हणजे बसलेल्या माणसाचे डोळे मंचाच्या पृष्ठभागापेक्षा किती वर आहेत ते. 'ओळीची खोली' म्हणजे एका ओळीपासून तिच्या मागच्या ओळीपर्यंतचं आडवं अंतर, आणि 'चढ' म्हणजे त्या दोन ओळींच्या जमिनीच्या उंचीतला फरक. बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे पायाखालच्या जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात.

एक उदाहरण करून बघू. पहिली ओळ मंचाच्या कडेपासून ५ मीटरवर, प्रत्येक ओळीची खोली ९० सेंमी, प्रत्येक ओळीला चढ ३० सेंमी, मंच ३० सेंमी उंच. दुसऱ्या ओळीतल्याला ११.७ सेंमी फट मिळते. आठव्या ओळीत ती ६.१ वर येते. चढ सारखाच असूनही मागे जावं तशी फट कमी होत जाते, ही गोष्ट कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही. आता खर्च वाचवायला चढ २० सेंमी केला तर दुसऱ्या ओळीतच फट ३.२ उरते आणि आठव्यात १.७. म्हणजे पहिली ओळ सोडली तर जवळजवळ कुणालाच मंचाची जमीन दिसत नाही. नाच बसवणाऱ्यांना विचारा, पावलं दिसली नाहीत तर काय उरतं.

चढ ३० ठेवून मंच जमिनीलगत केला तर आठव्या ओळीत ३.७ सेंमीच मिळतात. म्हणजे मंचाचे ते ३० सेंमी फार मोलाचे आहेत. मागच्या ओळींना फट कमी पडत असेल तर शेवटच्या दोन-तीन ओळींचा चढ ४५ सेंमी करा.

३० किंवा ४५ च का? वाटेच्या पायऱ्यांमुळे. १५ सेंमीच्या दोन पायऱ्या म्हणजे ३०, तीन म्हणजे ४५. ४५ च्या चढात ९० सेंमी खोलीचे तीन भाग केले की प्रत्येक पायरी ३० सेंमी खोल येते, चालायला अगदी बरोबर. चढ ३७ किंवा ४० असा काहीतरी ठेवला की वाटेत एक पायरी उंच आणि एक बुटकी येते. अंधारात पाय अडखळतो तो तिथेच.

आता संख्या. एका माणसाला ५० सेंमी रुंदी धरा. १२० अंशांचा पंखा, पहिली ओळ ५ मीटर त्रिज्येवर आणि एकूण आठ ओळी धरल्या तर सगळ्या ओळींची मिळून लांबी सुमारे १३६ मीटर होते. त्यातून १.२ मीटर रुंदीच्या दोन वाटा वजा केल्या की ११७ मीटर उरतात. टोकांचं वाया जाणारं धरून हिशेब केला तरी सव्वादोनशे माणसं बसतात आणि शेवटची ओळ मंचापासून साडेअकरा मीटरच्या आतच राहते. चेहऱ्यावरचे भाव साधारण २० मीटरपर्यंत वाचता येतात, त्यामुळे इथे सगळे जवळच आहेत. पंखा १८० अंशांपर्यंत ताणू नका. टोकाच्या लोकांना कलाकाराचा फक्त कान दिसतो.

वाटा मधोमध आणू नका. समोरून दिसण्याची सर्वांत चांगली जागा वाटेत वाया जाते. पंख्याचे तीन सारखे भाग होतील अशा दोन वाटा घ्या. बाहेर पडायला निदान दोन रस्ते हवेत आणि त्यातला एकही शेकोटीजवळून जाणारा नको.

व्हीलचेअरसाठी ९० × १३० सेंमी सपाट जागा, शेजारी सोबत्याची बैठक, आणि अशा जागा निदान दोन वेगवेगळ्या ओळींत. सगळ्यात मागे एका कोपऱ्यात जागा देऊन जबाबदारी संपली असं धरणं मला अजिबात पटत नाही. मित्र पुढे आणि तो मुलगा एकटा मागे, असं शिबिरात होता कामा नये. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे ७५ सेंमी चढायला ९ मीटर रॅम्प लागतो आणि त्यानंतर थांबायला सपाट जागा. एवढी लांबी नंतर कुठे सापडत नाही, म्हणून ती आताच आराखड्यात धरा. कलाकारांतही व्हीलचेअर वापरणारा असू शकतो. मंचालाही रॅम्प हवा.

## टप्पा ५: दोरी आणि खुर्च्यांची चाचणी

मंचाच्या पुढच्या कडेच्या मध्यावर खुंटी ठोका, तिला दोरी बांधा आणि पहिली, चौथी, आठवी ओळ फक्की टाकून जमिनीवर आखा. ओळीची ठरलेली उंची जिथे जमिनीत नाही, तिथे लाकडी पेट्या किंवा विटा रचून खुर्ची त्या पातळीला आणा. मग आठव्या ओळीत एकाला बसवा, त्याच्या बरोबर पुढे सातव्यात सगळ्यात उंच माणूस बसवा आणि मंचाच्या कडेवर एक चप्पल ठेवा. मागच्याला मान न हलवता चप्पल दिसली पाहिजे. दिसत नसेल तर फट कमी पडतेय, किंवा गणितात नाहीतर मापात चूक आहे.

आवाजासाठी मंचावरून कुणीतरी अनोळखी मजकूर नेहमीच्या आवाजात वाचावा आणि शेवटच्या ओळीतल्याने मंचाकडे पाठ फिरवून ऐकून तो लिहून काढावा. ओठ बघून अर्धं कळतं, म्हणून पाठ फिरवायची. तोंडपाठ असलेली प्रार्थना या चाचणीला चालत नाही. न ऐकताही ती पुरी करता येते.

> तपासा: ही चाचणी दोन दिवस फक्की तशीच ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसवून करा. दोरी हलवायला काही खर्च येत नाही.

## टप्पा ६: पाणी आणि पाइप, सगळ्यात आधी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वरच्या उदाहरणातला पंखा साधारण १५० चौरस मीटरचा आहे. तासाभरात ५० मिमी पाऊस पडला तर फक्त त्यातच साडेसात हजार लिटर पाणी उतरतं, आणि वरच्या डोंगराचं पाणी वेगळंच. तुम्ही बशी बांधताय, ती भरणार हे गृहीत धरा.

पहिलं काम म्हणजे शेवटच्या ओळीच्या वर, दीड-दोन मीटर अंतर सोडून, आडवा चर. वरून येणारं पाणी त्याने दोन्ही बाजूंना वळवायचं. ते पाणी कुणाच्या तंबूवर जात नाही ना, हे चालत जाऊन पाहा. दुसरा चर पहिल्या ओळीच्या पायथ्याशी, वर जाळी घालून, त्याचं पाणी मंचाला वळसा घालून बाहेर. प्रत्येक ओळीच्या जमिनीला १.५ ते २ टक्के उतार द्या, म्हणजे ९० सेंमीत दीड-दोन सेंमी.

याच वेळी विजेचे पाइप टाका: मंचाकडे, वाटांच्या कडेने आणि मागे ध्वनियंत्रणा ठेवायच्या जागी. ६० सेंमी खोल, वर धोक्याची पट्टी. शिवाय एक रिकामा पाइप आत दोरी ओवून टाकून ठेवा. पुढे काय लागेल ते आज कुणालाच माहीत नसतं आणि बांधलेल्या पायऱ्या फोडणं महाग पडतं.

## टप्पा ७: माती आणि भिंती

जेसीबी कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवा. सहसा मंचाची जागा हाच त्याचा रस्ता असतो, आणि मंच शेवटी बांधायचा याचं ते एक मोठं कारण.

1. वरची सुपीक माती वेगळी काढून बाजूला ठेवा. ती भरावात घालू नका, शेवटी गवतासाठी लागते.
2. शक्य तितक्या ओळी खोदलेल्या मूळ जमिनीवर बसवा. भराव खचतो.
3. भराव करायचाच असेल तर १५ ते २० सेंमीचा थर, पाणी मारून धुमस किंवा रोलर, मग पुढचा थर. एकदम मीटरभर माती टाकून वरून दाबणं म्हणजे फक्त वरचा थर दाबणं.
4. भिंती खालच्या ओळीपासून वर बांधत जा. प्रत्येक भिंतीमागे खडी, खडी आणि मातीमध्ये गाळणीचं कापड, आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं. ही भोकं विसरली की पाण्याच्या दाबाने भिंत पुढे झुकते.
5. जमलं तर एक पावसाळा तसाच जाऊ द्या आणि मग वरच्या बैठका बसवा.

बैठकीसाठी माझी पसंती दगडी किंवा काँक्रीटच्या पायावर लाकडी पट्ट्यांना. पट्ट्यांत सेंटिमीटरभर फट ठेवा, पाणी साचत नाही. नुसता दगड दुपारी तापतो आणि रात्री गारठतो. ओंडके स्वस्त असतात, पण मातीला टेकलेलं लाकूड काही वर्षांत कुजतं आणि त्याखालच्या पोकळीत विंचू-साप आसरा घेतात. काँक्रीटच्या कडा गोल करून घ्या. गुडघे आणि नडग्या आपटतात त्या याच कडांवर.

## टप्पा ८: मंच आणि शेकोटी

छोट्या नाटुकल्यांना ६ × ४ मीटर पुरतं. समूहनृत्यं असतील तर ८ × ५ घ्या. पृष्ठभाग ओला झाला तरी न घसरणारा हवा आणि पाणी जायला एक टक्का उतार हवा. मागे सपाट किंवा प्रेक्षकांकडे फुगीर असलेली भिंत आवाज पुढे ढकलते. आत वळलेली, शिंपल्यासारखी भिंत दिसायला आकर्षक, पण ती आवाज एकाच जागी गोळा करते. तिथे बसलेल्याला दणका आणि शेजारच्याला काहीच नाही. दोन्ही बाजूंनी कलाकारांना लपून उभं राहता येईल एवढा आडोसा करा.

शेकोटी मंचाच्या बाजूला आणि थोडी मागे घ्या, धूर जिकडे जातो त्या बाजूला. सर्वांत जवळच्या बैठकीपासून निदान ४ मीटर, लाकडी मंचापासून ३ मीटर, वर एकही फांदी नको, भोवती ३ मीटर गवत साफ.

> सावधान: कडं रचायला नदीतले गोटे वापरू नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात.

## टप्पा ९: दिवे

पायऱ्यांवर कमी उंचीचे, खाली बघणारे, पिवळसर दिवे लावा. मंचासाठी दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश, साधारण ४५ अंशांतून. मंचाच्या मागे प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक झगझगीत दिवा सगळ्यांचे डोळे दिपवतो. आकाशदर्शन होणार असेल तर सगळे दिवे एका बटणाने बंद करता आले पाहिजेत, पायऱ्यांचे मात्र वेगळ्या बटणावर. बाहेरच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), पेट्या पाण्यापासून सुरक्षित, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच.

## टप्पा १०: पहिल्या कार्यक्रमाआधी

जागा भरून बघा. सगळ्यांना बसवा, दिवे घालवा, फक्त पायऱ्यांच्या उजेडात सगळ्यांना बाहेर काढा आणि कुठे खोळंबा होतो ते टिपा. टँकरने वरच्या चरात पाणी सोडून ते कुठून जातं ते पाहा. शेकोटीशेजारी पाण्याच्या बादल्या आणि वाळू ठेवायची कायमची जागा ठरवा आणि ती रंगवून टाका.

विजांचा नियम फलकावर लिहा. गडगडाट ऐकू आला की कार्यक्रम थांबवून सगळे पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी परत यायचं नाही. झाडाखालचा आडोसा हा आसरा नाही. हा निर्णय कोण घेणार, त्या माणसाचं नाव प्रत्येक शिबिराच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

देखभालीची वही मंचामागच्या कपाटात ठेवा. दर शिबिराआधी लाकडातल्या चिरफळ्या, सैल बोल्ट, पायऱ्यांच्या कडा, भिंतीतली भोकं आणि झाडांच्या वाळक्या फांद्या तपासायच्या. पावसाच्या तोंडावर दोन्ही चर उपसायचे. भिंतीवर एखादी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घाला. पुढच्या तपासणीत भेग त्या खुणांपलीकडे गेलेली दिसली, तर ती ओळ दोरी लावून बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा.